चुन्याचा आठ

माझ्या लायसनची मुदत संपलेली आहे हे मला पोलिसानं नाही, पाचवीच्या वर्गानं सांगितलं.

बालाघाटपासून अकरा किलोमीटरवरच्या एका सरकारी शाळेत मी शिकवते. शाळा हिंदी, पोरं अर्धी हिंदी अर्धी मराठी, अन् मी त्या दोन्हींच्या मधात. त्या दिवशी रस्त्याच्या नियमांचा धडा होता. पुस्तकातलं लायसनचं चित्र इतकं पुसट छापलं होतं की ते लायसन आहे की बिस्किटाचा पुडा हे कळायला मार्ग नव्हता. मला असलं चालत नाही. दाखवायची तर खरी वस्तू दाखवायची. पर्समधून माझं कार्ड काढलं, पहिल्या बाकावर दिलं, म्हटलं, "देखो और आगे बढ़ाओ. गंदे हाथ मत लगाना." अन् फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरात लिहायला लागले, 'बिना लाइसेंस गाड़ी चलाना अपराध है.'

'अपराध' पुरा व्हायचा होता, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "मैडम, ये तो खतम हो गया."

"क्या खतम हो गया?"

"आपका लाइसेंस. पिछले साल ही."

मी चष्मा चढवून पाहिलं. खरंच की! एक वर्ष अन् वर दोन महिने. कार्ड बनवलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, अन् त्यावरची तारीख इतकी लांबची होती की ती कधी उजाडेल असं वाटलंच नव्हतं. कार्ड एकदा पर्सच्या आतल्या कप्प्यात गेलं ते गेलं. मी त्याला जन्मभराचं समजून बसले होते.

चाळीस डोळे माझ्याकडे, मग फळ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायचं कोणावर? चूक माझी, कार्ड माझं, अक्षरही माझंच. मी खडू ठेवला अन् म्हटलं, "ठीक है. जब तक नया नहीं बनता, मैडम गाड़ी नहीं चलाएगी."

बोलून बसले खरी. शाळा सुटल्यावर पाहते तर अख्खी पाचवी फाटकापाशी उभी. घरी जायचं कोणी नाव घेईना. मी माझी स्कूटी शाळेच्या रसोईघराजवळ निंबाखाली उभी केली, कुलूप लावलं अन् बस पकडायला सडकेवर गेले. मागून टाळ्या वाजल्या.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. शहात्तर वर्षांची आहे, गुडघे बोलतात, पण जीभ गुडघ्यांपेक्षा जास्त बोलते.

"गाडी कुठं ठेवली वं?"

"शाळेत."

"काहून? बिघडली?"

"गाडी नाही बिघडली, मीच बिघडली," म्हणत मी सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं अन् पहिला प्रश्न विचारला तो असा, "मंग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मले कोण नेईल?"

हा प्रश्न कुठून आला ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आईची एक बालमैत्रीण आहे. खैरलांजीकडच्या खेड्यात राहते. दोघी एकाच गावच्या, एकाच शाळेत चौथीपर्यंत शिकल्या, एकाच वर्षी लग्नं झाली. माझ्या वडिलांची नोकरी सरकारी ऑफिसात होती म्हणून आई बालाघाटात आली; मैत्रीण तिकडच्या गावात धानाच्या बांध्यांमध्ये, भातशेतांमध्ये गेली. दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई तिच्याकडे जाते. माझ्या गाडीवर, माझ्या मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर सांभारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्यांचा, डबा धरून. दिवसभर दोघी बोलतात. काय बोलतात ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, कारण मी जवळ गेले की गप्प बसतात, शाळेतल्या पोरींसारख्या. फोनवर हे होत नाही. मैत्रिणीला ऐकू कमी येतं. फोन कानाला लावून ती नुसती "हौ, हौ" करते, अन् आई इकडे ओरडून ओरडून घसा बसवून घेते.

अन् ह्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. त्या मैत्रिणीचा मुलगा नागपूरला असतो. त्याचा फोन आला होता, "मावशी, तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी आईले घेऊन चाललो. आता एकटी नाही ठेवत. घराले कुलूप लावतो." म्हणजे त्या घरात, त्या ओट्यावर दोघींची ही शेवटची भेट. आई तोंडानं एवढंच म्हणाली होती, "बरं करून राह्यला पोरगा." पण त्या दिवसापासून तिचं कॅलेंडरकडे पाहणं वाढलं होतं.

शनिवारी संध्याकाळी नवरा आला. तो मलाजखंडच्या खाणीच्या ऑफिसात आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो अन् आल्या आल्या मला चिडवतो, तेवढ्यानं त्याचा थकवा जातो.

"अवो, वीस वर्षांत कोणी विचारलं का तुले लायसन? चालव बिनधास्त."

"पाचवीनं विचारलं."

"पाचवी काही चालान फाडत नाही."

"तुम्ही माझ्या वर्गात एक दिवस उभे राहून पाहा, मग बोला."

त्यानं हात टेकले अन् रविवारी शाळेतून गाडी आणून दिली. मी आईला म्हटलं, हेच नेतील तुला मोटारसायकलवर. आईनं असं पाहिलं जसं काही मी तिला झाडावर चढायला सांगितलं. "जावयाच्या मांगं बसून जाऊ? ह्या वयात? लोकं काय म्हणतीन?" बरं, भाड्यानं कार करू. "किरायाची गाडी करून मयतीले जातेत. अन् तो ड्रायव्हर भाईर उभा राहून हॉर्न वाजवीन, मी काय बोलू तिच्यासंगं? तुह्या गाडीवर जाईन, नाही त नाही जात." बसचं तर नावच नको. बसच्या पायऱ्या तिच्या गुडघ्याइतक्या उंच, अन् उतरल्यावर पुढं तीन किलोमीटर पायी.

म्हणजे सगळं माझ्या लायसनवर आलं.

मी अर्ज भरला. मुदत संपून वर्ष उलटलेलं, म्हणून नुसती फी भरून भागणार नव्हतं; पुन्हा टेस्ट द्यावी लागणार होती. चाळिशीच्या वर वय, म्हणून डॉक्टरचा कागदही हवा. डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची ओळ धडाधड वाचली अन् वर सांगितलं की तुमच्या तक्त्याचा डावा कोपरा उखडला आहे, खिळा मारा. त्यानं मुकाट्यानं सही केली. टेस्टची तारीख मात्र दिवाळीनंतरची मिळाली. भाऊबीज आली अन् गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई सकाळीच नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली अन् दुपारी आत जाऊन बदलून आली.

सोमवारी टेस्ट. नवऱ्यानं मलाजखंडला परत जायला एक दिवस उशीर केला, गाडी तोच चालवत नेली अन् मी मागे बसले. माझ्याच गाडीवर मागे! सगळा रस्ता मी त्याला सांगत गेले, "गड्डा आहे, वळताना हात दाखवा, एवढं जोरात नका नेऊ." तो म्हणाला, "टेस्ट माही आहे का तुही?"

आरटीओ ऑफिसच्या मागं मैदान होतं. स्वच्छ झाडलेलं, पाणी शिंपडून धूळ बसवलेली, अन् त्यावर पांढऱ्या चुन्याच्या फक्कीनं काढलेला मोठा इंग्रजी आठ. एका कडेला खुर्ची टाकून साहेब बसलेले. तरुण होते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. म्हणाले, "मैडम, पहिया लाइन पर रखना है. पैर ज़मीन पर नहीं लगना चाहिए. बस इतना ही."

माझ्या आधी उकव्याच्या खाणीतला एक माणूस होता. मोटारसायकल डुलवत डुलवत, जिभेचं टोक बाहेर काढून त्यानं आठ पुरा केला अन् पास झाला. मी मनात म्हटलं, हा पास होतो तर मी तर डोळे मिटून होईन. वीस वर्षं रोज बावीस किलोमीटर, पावसात, चिखलात, धानाच्या ट्रॅक्टरांच्या मधून. मला काय आठ शिकवता!

गाडी सुरू केली अन् निघाले. पहिलं वळण छान घेतलं. साहेब ओरडले, "लाइन पर, मैडम, लाइन पर!" मी खाली पाहिलं. माझं चाक रेघेच्या बाजूनं, बरोबर वीतभर अंतर ठेवून चाललं होतं. मी हँडल रेघेकडे वळवलं, पण ते जाईना. म्हणजे गाडी जात होती, हातच जात नव्हते. तशीच वीतभर अंतरानं मी आठाच्या मधोमध आले. तिथं रेघ रेघेवरून जाते. बाजूनं जायला जागाच नाही, ओलांडावीच लागते. अन् तिथं माझ्या दोन्ही हातांनी आपोआप ब्रेक दाबला, अन् पाय टेकला.

साहेब भले होते. म्हणाले, "घबराइए मत, एक बार और." मी पुन्हा निघाले. पुन्हा तेच. वीतभर अंतर, मधोमध ब्रेक, पाय जमिनीवर.

"मैडम, गाड़ी तो आपको अच्छी आती है. फिर बीच में रुक क्यों जाती हैं?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "सर, रंगोली लगती है."

त्यांनी रजिस्टर उचलून तोंडासमोर धरलं. रजिस्टर थोडा वेळ हलत होतं. मग बाहेर आलेला चेहरा गंभीर होता. "सात दिन बाद आइए," म्हणाले.

आता ह्यात माझा दोष किती अन् माझ्या आईचा किती, हे तुम्हीच ठरवा. मी दहा वर्षांची असताना वडिलांची सायकल शिकत होते. एका सकाळी तोल गेला अन् सायकल दारापुढच्या रांगोळीवरून गेली. आईनं मारलं नाही. तिनं रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला, अन् अख्खी रांगोळी, ठिपके मोजून, मला पुन्हा काढायला लावली. दोन तास उकिडवी बसले होते. शाळेत उशीर झाला तो वेगळा. तेव्हापासून माझ्या पायानं काय अन् चाकानं काय, रांगोळी मोडलेली नाही. आमच्या आताच्या घरीसुद्धा आई रोज सकाळी फाटकात रांगोळी काढते, अन् डाव्या अंगाला गाडीचं चाक जाईल एवढी जागा सोडते. इतकी वर्षं मी त्या जागेतून गाडी काढते आहे. झाडलेल्या, शिंपडलेल्या जमिनीवर पांढरी रेघ दिसली की माझे हात माझं ऐकत नाहीत.

नवरा घरापर्यंत हसत आला. मी मागून चिमटे काढले तर आणखी हसला. "अवो, बाकीचे लोकं आठातून भाईर जाऊन फेल होतेत. आठाले मान देऊन फेल होणारी तूच पह्यली!"

आईला सांगितलं तेव्हा आधी तर ती खूश झाली. "बरं केलं. रांगोळी ते रांगोळी. त्या साह्यबाच्या मायनं नाही शिकवलं त्याले?" मी म्हटलं, आई, ती रांगोळी नव्हती, चुना होता. "पांढरं हाये न?" म्हणाली. अन् मग थांबली. बोटांवर दिवस मोजायला लागली. पुन्हा टेस्ट पुढच्या मंगळवारी. तुळशीचं लग्न बुधवारी. मैत्रीण गुरुवारी सकाळी जाणार.

"अन् मंगळवारी बी नाही झालं त?"

आई उठली, सांभारवडीसाठी काढून ठेवलेलं बेसन पुन्हा डब्यात भरलं, अन् डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. त्या फळीपर्यंत तिचा हात पुरत नाही, तरी टाचा उंचावून ठेवला. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की स्वतःच्या थोबाडात दोन द्याव्यात. एवढी शिकलेली बाई, नोकरी करते, शंभर पोरांना नियम शिकवते, अन् आईला एका चुन्याच्या रेघेवरून तिच्या मैत्रिणीकडे नेता येत नाही!

शाळेत वेगळाच तमाशा. मी वर्गात पाऊल टाकलं की सगळे एका सुरात विचारत, "मैडम, बन गया?" मी खरं सांगितलं, "नहीं. मैडम फेल हो गई." आधी त्यांचा विश्वास बसेना. मग असा काही गलका झाला, असा आनंद! मागच्या बाकावरचे, जे दरवर्षी माझ्याच हातून कमी मार्क खातात, ते तर बाकावर उभे राहिले. मी त्यांना पास करून कधी एवढं सुख दिलं नव्हतं. मला राग आला होता, पण हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाडी ढकलत नेली. प्लॉट म्हणजे रस्ता नव्हे, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला. चुना आणून आठ काढला अन् चालवायला गेले. मधोमध ब्रेक. पुन्हा गेले. पुन्हा ब्रेक. पाचव्या वेळी मी गाडीलाच शिव्या दिल्या.

आई भिंतीपलीकडून पाहत होती. थोड्या वेळानं काठी टेकत आली. "कसा आठ काढाचा असते? दाखव मले." मी दाखवला. "हा आठ? आमच्या शाळेत त असा होता," म्हणून तिनं काठीनं मातीत आपला मराठी आठ काढला. एक गोल वळण, एक शेपूट. "ह्यात कुठं रेघ रेघेवर जाते? त्याहीले सांग, हा काढा म्हणावं." मी म्हटलं, सरकार तुझ्यासाठी आठ बदलणार नाही. ती म्हणाली, "नाही बदलत त मीच पाहते मंग," अन् आत गेली.

परत आली ती सड्याची बादली घेऊन. शेजारच्या गाईचं शेण, त्यात पाणी, रोज सकाळी अंगणात शिंपडते तोच सडा. एका हातात काठी, एका हातात तांब्या. माझ्या चुन्याच्या आठावर माती सारली पायानं, अन् तांब्यानं धार सोडत सोडत, वाकडीतिकडी, थांबत थांबत तिनं सड्याचा इंग्रजी आठ काढला. गुडघे दुखत असणार, पण तोंडानं एक अक्षर नाही. मी बादली धरायला गेले तर म्हणाली, "तू गाडी पाय. हा सडा हाये. सड्यावरून चालता येते. चाल आता."

मी निघाले. चाक रेघेवर गेलं! बिनतक्रार गेलं. मधोमध आलं, ओलांडलं, पुढं गेलं. कारण सडा तर तुडवायचाच असतो. अंगणात सडा पडला की सगळे त्यावरूनच जातात-येतात. हातांना तो चालला. मी आठ पुरा करून आले तेव्हा आई कमरेवर हात देऊन उभी होती, साडी शेणानं भरलेली, अन् चेहरा असा जसा काही टेस्ट तिचीच होती.

पुढचे पाच-सहा दिवस आमचं हेच. ऊन पडलं की सडा वाळायचा, म्हणून रोज सकाळी नवा आठ. आई काढायची, मी चालवायची. ये-जा करणारे थांबून पाहायचे. एकानं विचारलं, "काकू, काय पूजा आहे का?" आई म्हणाली, "हौ. लायसनची."

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, आई, एकदा खरी रांगोळी काढून दे. त्यावरून गेले की भीती गेलीच समज. तिनं मान हलवली. "ते नाही होत माह्यानं. रांगोळीवरून गाडी नेलेली मले पाहवत नाही. तू सडा समज, बस."

मंगळवारी नवऱ्यानं रजा काढली. ऑफिसात कारण दिलं, 'पत्नी की परीक्षा'. मैदानावर तोच आठ, तोच पांढरा शुभ्र चुना, तेच साहेब. मला पाहून त्यांनी आधीच रजिस्टर जवळ ओढून घेतलं. मी गाडी सुरू केली अन् तोंडातल्या तोंडात म्हणत निघाले, "सडा आहे, सडा आहे, सडा आहे." चाक रेघेवर आलं. हात रेघेपासून वळले नाहीत. मधोमध आलं तेव्हा दोन बोटं ब्रेककडे गेलीच. अन् तेव्हा मला वरच्या फळीवरचा बेसनाचा डबा दिसला. बोटं सोडली. चाक रेघ ओलांडून पलीकडे गेलं, वळलं, पुन्हा मधोमध आलं, पुन्हा ओलांडलं. पाय गाडीवर. दोन्ही पाय गाडीवर!

"आज रंगोली नहीं दिखी, मैडम?" साहेबांनी विचारलं.

"आज सड़ा दिखा, सर."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी सही केली. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या चाकाला चुना लागला होता. मी खाली वाकून पदरानं चाक पुसलं, तर नवरा म्हणाला, "आता काय पायाही पडतं का?" संध्याकाळी नवं लायसन मोबाइलात दिसायला लागलं. आईला दाखवलं. तिनं माझा फोटो पाहिला, म्हणाली, "हसाचं होतं जरा," अन् नवऱ्याला हाक मारली, "जावईबापू, वरच्या फळीवरचा डबा काढून द्या."

बुधवारी सकाळी निघालो. धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या, सडकेच्या कडेला भारे रचलेले. आई मागे बसून सगळ्या रस्त्यानं बोलत होती, कोणाचं शेत कोणतं, कोणाचा बैल कोणत्या नाल्यात फसला होता. खैरलांजीच्या फाट्यानंतर मात्र तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

गाव आलं, घर आलं. मी फाटकापाशी गाडी थांबवली अन् पाहतच राहिले. फाटकापासून तुळशीवृंदावनापर्यंत अन् तिथून ओट्यापर्यंत सगळं अंगण रांगोळीनं भरलेलं. आईच्या मैत्रिणीनं स्वतः काढलेली. त्यांच्या लहानपणीची, ठिपक्यांची, वेलींची. हळद, कुंकू भरलेलं. शहात्तर वर्षांच्या बाईनं किती पहाटे उठून काढली असेल, देव जाणे. तुळशीचं लग्न, अन् ह्या घरातला शेवटचा सण. कडेनं जायला वीतभर जागा नव्हती. मी गाडी बाहेरच लावली अन् विचार करत होते की आता आईला कुठून नेऊ, भिंतीच्या कडेनं पाय टाकत नेता येईल का.

तेवढ्यात मैत्रीण दारात आली. पाठ वाकलेली, एक हात चौकटीला धरलेला. आईनं तिला पाहिलं. मैत्रिणीला ऐकू कमी येतं हे विसरून तिनं फाटकातूनच हाक मारली, अन् काठी माझ्या गाडीला टेकवून ठेवून सरळ चालू लागली. सरळ म्हणजे सरळ. वेलींवरून, ठिपक्यांवरून, हळदीकुंकवावरून. जिनं मला दोन तास उकिडवं बसवलं होतं, जिला रांगोळीवरून गेलेलं चाक पाहवत नव्हतं, ती माझी आई काठीशिवाय, गुडघ्यांशिवाय, अंगणभर रांगोळी तुडवत गेली अन् मैत्रिणीच्या गळ्यात पडली. तिला खाली काय आहे हे दिसलंच नाही. मला रडू आलं, अन् मी ते लपवलंही नाही.

दिवसभर दोघी ओट्यावर बसल्या. मी जवळ गेले की गप्प. दुपारी मैत्रिणीचा मुलगा झाडू घेऊन आला, म्हणाला, रांगोळी मोडली, झाडून टाकतो, संध्याकाळी लग्न लावायचं आहे. मैत्रिणीनं एकदम हात वर केला. "राहू दे. तिचे पाय हायेत ते. उद्या मी गाडीत बसाले त्याच्यावरूनच जाईन." तेव्हा कुठे आईनं अंगणाकडे पाहिलं. पाहिलं अन् जीभ चावली. "अवं माय! म्या तुडवली?" अन् दोघी हसल्या, एकमेकींच्या मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंतर ते पाणी हसण्याचं राहिलं नव्हतं, पण मी तिकडे पाहिलं नाही.

अंधार पडायच्या आत निघालो. आईच्या मांडीवर सांभारवडीच्या रिकाम्या झालेल्या डब्यात चिन्नोर तांदूळ होता, मैत्रिणीनं भरून दिलेला. त्याचा वास मला समोर येत होता. खैरलांजीचा फाटा मागे पडला. मग आईनं खांद्यावर टकटक केलं.

"नव्या लायसनवर किती वर्षं लिहून हायेत?"

"दहा."

"अन् नागपूर किती दूर हाये इथून?"

"आई, नागपूर फार दूर आहे, गाडीवर नाही जमायचं."

"दूर हाये ते मले मालूम हाये. दहा वर्षं म्हणतं न तू?" तिनं माझ्या खांद्यावर बोटांनी काहीतरी मोजलं. "मंग होते. आम्हा दोघीले पुरते तेवढं."